कागदावरची रेषा पडद्यावर येताना : कोल्हापूर ते चिंटू

१/७
वर्तमानपत्रात रोज भेटणारा चिंटू २०१२ साली चित्रपटात अवतरला. पण रेषांतून नव्हे, एका बालकलाकाराच्या रूपात. मराठीला रेषा हलती करण्याची कला ठाऊक नव्हती काय? उत्तरासाठी आधी कोल्हापूरला जावे लागेल.

२/७
बाबूराव पेंटर मुळात चित्रकार, नाटकांचे पडदे रंगविणारे. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना केली.

३/७
१९३३ साली 'प्रभात' पुण्यास गेली. पुढच्याच वर्षी तिचा 'जंबूकाका' हा लघु ॲनिमेशनपट आला. त्यातील चित्रांना चालते-बोलते केले रघुनाथ केळकर यांनी. म्हणजे चिंटूच्या जन्माआधी अर्धशतकाहून अधिक काळ ही कला येथे होती.

४/७
मग अडले कुठे? हिशेब पाहू. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी मिनिटाला ७२० चित्रे आणि २५ मिनिटांना १८,०००! वर्तमानपत्राला मात्र रोज तीन-चार चौकटी पुरतात.

५/७
अमेरिकेत हा भार प्रायोजकाने उचलला. चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या चित्रमालिकेवरचा नाताळ विशेष कार्यक्रम ९ डिसेंबर १९६५ रोजी सीबीएसवर झळकला, प्रायोजक कोका-कोला. प्रेक्षकांच्या हशाचे ध्वनिमुद्रण जोडण्यास शुल्झ यांनी ठाम नकार दिला. चित्रांतला संयम त्यामुळे पडद्यावरही टिकला.

६/७
आपल्याकडे १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवर आधारित 'वागले की दुनिया' दूरदर्शनवर आली. दिग्दर्शक कुंदन शाह; वागळे झाले अंजन श्रीवास्तव. मालिका घराघरांत पोहोचली. परंतु लक्ष्मण यांचा 'सामान्य माणूस' व्यंगचित्रांत मुका होता. त्याच्याच जातकुळीतले वागळे मात्र बोलू लागले.

७/७
१९९१ साली 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू सुरू झाला. त्याचा आवाज प्रत्येक वाचकाने आपापल्या मनात ऐकला होता. अभिनेता येताच त्या असंख्य आवाजांचा एकच आवाज होतो. रेषा हलती ठेवली, तर निदान चेहरा तरी वाचकाच्या ओळखीचा राहतो. कोल्हापूरच्या चित्रकारांचा वारसा पाहता उणीव हाताच्या कौशल्याची नव्हती. त्या हजारो चित्रांचा खर्च उचलणाऱ्या पाठबळाची होती.