शब्दवेध : राक्षस

गॉडझिला खलनायक की तारणहार, हा अजस्र प्राण्यांच्या चित्रपटांवर जीव टाकणाऱ्यांचा आवडता वाद. १९५४ साली त्याने टोकियो तुडवलं, १९६४ साली तीन डोक्यांच्या घिडोराशी झुंजून पृथ्वी वाचवली.

आपला ‘राक्षस’ नेमका उलट्या वाटेने गेला. रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव आधी पाणी निर्मितो, मग त्याच्या रक्षणासाठी प्राणी. ‘आम्ही राखू’ म्हणाले ते राक्षस, ‘आम्ही पुजू’ म्हणाले ते यक्ष. म्हणजे मूळचे हे पाण्याचे राखणदार! (मराठवाड्याला असे राक्षस उन्हाळ्यात चालतील.) व्युत्पत्तीकार ‘ज्यापासून रक्षण करायचं तो’ असाही अर्थ लावतात. मला तोच अधिक पटतो. पहिली गोष्ट सुरस, पण मागाहून रचलेली वाटते.

हिंगोली जिल्ह्याला हा शब्द परका नाही. औंढा नागनाथचा परिसर म्हणजे दारुकावन, दारुक राक्षसाचं रान, अशी तिथली श्रद्धा आहे.

पडद्यावरचा आपला राक्षस म्हणजे मुंबईवर चालून आलेला, १९६६ च्या हिंदी चित्रपटातला ‘गोगोला’. त्याची प्रत हरवली आहे. जुन्या टुरिंग टॉकीजवाल्यांनो, माळ्यावरचे डबे एकदा उघडून पाहाच.