मुहूर्तमेढ

शाळेचे स्नेहसंमेलन असो वा पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव, प्रास्ताविक करणारे वक्ते 'या संस्थेची मुहूर्तमेढ अमुक साली रोवली गेली' असे म्हटल्यावाचून पुढे सरकत नाहीत. इतिहास शिकवता शिकवता हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. ते ऐकताना माझे लक्ष सालाकडे कमी आणि 'मेढ' या शब्दाकडे अधिक जाते. मेढ म्हणजे जमिनीत पुरलेला, वर बेचके असलेला लाकडी खांब. लग्नमांडवाची पहिली मेढ मुहूर्तावर रोवतात, ती मुहूर्तमेढ. आपल्या शेजारच्या कानडी घरांत लग्नाआधी हंदरगंब पुजतात, तोही मांडवाचाच खांब. दगडी वाडा बांधणारा पायाभरणी करतो. सामान्य कुणब्याच्या बांधकामाचा आरंभ मात्र मेढीसाठी खणलेल्या खड्ड्याने होतो.

आपल्याकडचा जुना गोठा आठवून पाहा. मधल्या रांगेत उंच मेढी, दोन्ही कडांना ठेंगण्या. मधल्या मेढींच्या बेचक्यांत आडे बसवायचे, त्यावरून दोन्ही बाजूंना वासे सोडायचे, वाशांवर कामट्या बांधायच्या आणि गवताने शाकारायचे. सारा भार मेढींवर असतो. भिंतीचे काम फक्त आडोशाचे; म्हणून कुडाने भागते, उन्हाळ्यात तोही नसला तरी चालतो. नुसत्या दगडावर उभा केलेला खांब वाऱ्याने कलतो, त्याला तिरके टेके द्यावे लागतात. तोच खांब जमिनीत पुरून भोवती दगडमाती ठेचून बसवली की जमीनच त्याला धरून ठेवते. इथे ना गवंडी लागतो, ना चुना. घरची माणसे आणि हाकेला धावणारे दोनचार शेजारी एवढ्यांत काम उरकते.

ही रीत किती जुनी असावी? जुन्या महबूबनगर जिल्ह्यात, कृष्णेच्या खोऱ्यात उटनूर येथे राखेचे एक मोठे टेकाड आहे. १९५७ साली रेमंड ऑलचिन यांनी ते खणले, तेव्हा खांबांच्या खड्ड्यांच्या रांगा सापडल्या आणि त्यांच्या आत गुरांच्या खुरांचे ठसेही. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे खांब रोवून गुरांसाठी मोठे कुंपण केलेले होते. अशा खांबांच्या कुंपणाला मराठीत मेढेकोट असा नेमका शब्द आहे. बळ्ळारी जिल्ह्यातील टेक्कलकोट येथे १९६३-६४ साली नवाश्मयुगीन गोल झोपड्या उजेडात आल्या, त्यांनाही खांबांचे खड्डे होते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ अशी दीर्घकाळ उत्खनने झाली आणि शंभरावर घरांचे अवशेष मिळाले. सुरुवातीची घरे चौकोनी आणि ऐसपैस; इसवी सनापूर्वी १००० नंतरच्या काळात मात्र बहुतेक लहान, गोल झोपड्या. दिवस पालटले, हे त्या मेढींच्या खड्ड्यांवरून वाचता आले. टेक्कलकोट आणि इनामगाव ही दोन्ही कामे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केली. आज एक गाव कर्नाटकात, दुसरे महाराष्ट्रात. पण खड्डा खणून घर उभारण्याची रीत दोन्हीकडे होती.

तिथे लाकूड मात्र उरले नव्हते. पुरलेला खांब नेमका जमिनीच्या पातळीला आधी कुजतो. खोलवर हवा पोचत नाही, वर ओल टिकत नाही. जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथे बुरशीचे फावते. खांब गेला की पोकळीत वेगळ्या रंगाची, भुसभुशीत माती भरते. तो गोल डाग म्हणजेच पुरातत्त्वज्ञाचा पुरावा. शेतकऱ्याला ही कूज ठाऊक होती. म्हणून तो खैराचे, ऐनाचे – कानडीत ज्याला मत्ती म्हणतात त्याचे – गाभ्याचे लाकूड निवडी, टोक जाळून काळे करी, पुढे डांबर फासू लागला. १९३० नंतरच्या काळात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनीही क्रिओसोट तेल मुरवलेले खांब जमिनीत पुरून, वर पत्रा घालून स्वस्त कोठारे उभारली. तिकडे ती नवी पद्धत ठरली. तिचे तत्त्व मात्र आपल्या गोठ्याचेच.

आपली मुले हंपीची मंदिरे पाहतात, किल्ल्यांच्या तटांची लांबी पाठ करतात. ते हवेच. पण आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज ना मंदिर बांधणारे, ना किल्लेदार. त्यांनी मेढी रोवल्या, गुरे राखली आणि दर काही वर्षांनी कुजलेली मेढ बदलली. त्यांच्या नावाचा शिलालेख नाही. त्यांचा इतिहास मातीतल्या डागांत आणि आपल्या बोलीत आहे.

गोठे आता सिमेंटच्या खांबांवर आणि पत्र्याखाली आले. त्यात शेतकऱ्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. कुजणारे लाकूड दर काही वर्षांनी कोण बदलत बसेल? माझे सांगणे एवढेच की, जुना गोठा उतरवण्याआधी त्याची मापे घ्यावीत. मेढी किती, कोणत्या झाडाच्या, किती हात पुरलेल्या, ते वहीत टिपावे. आजीआजोबांना प्रत्येक भागाचे नाव विचारावे, मराठीतले आणि कानडीतलेही. खांब आणि कंब हे शब्द शेजारी शेजारी लिहिले की दोघांचे मूळ एकच आहे हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. इनामगावच्या माणसाला विचारायला आज कोणी उरलेले नाही. आपल्या घरात मात्र विचारण्याजोगी माणसे अजून आहेत.