ज्या गिअरने चढावे, त्यानेच उतरावे

पुण्याहून नाशिककडे निघालेली गाडी चाकण आणि राजगुरुनगर मागे टाकून खेड घाट चढते, पेठ ओलांडते आणि मंचरच्या अलीकडे अवसरी घाटाला लागते. अवसरी बुद्रुकच्या माणसाची पुण्याला जाता-येता या घाटांशी गाठ पडतेच. रस्ता आता रुंद झाला आहे. पण या वाटेवर गाडी शिकलेल्या पिढीला एक नियम तोंडपाठ असे : ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये तो उतरा.

आज रस्त्यावर स्वयंचलित गिअरच्या गाड्या झपाट्याने वाढत आहेत. त्यांत क्लच नाही आणि गिअर टाकण्याची कटकट नाही. मग या नियमाचे काय झाले? गिअर गाडीनेच ठरवायचा असेल, तर स्टिअरिंगच्या मागे ‘अधिक’ आणि ‘उणे’ अशा खुणांच्या दोन पट्ट्या कशासाठी बसवल्या आहेत? या प्रश्नाचे उत्तर गिअरच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात आहे.

उताराचा हिशेब

आधी थोडे भौतिकशास्त्र पाहू. १२०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ५०० मीटर खाली उतरली, असे समजा. तिची स्थितिज ऊर्जा १२०० × ९.८ × ५०० म्हणजे सुमारे ५९ लाख ज्यूलने कमी होते. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. काही भाग हवेच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जातो. बाकीची सगळी ब्रेकवर सोपवली, तर तिची उष्णता होते. ५९ लाख ज्यूल उष्णतेने २५ अंश सेल्सिअसचे १८ लिटरहून अधिक पाणी उकळीला येते. ही उष्णता ब्रेकच्या थोड्याशा लोखंडाने सोसायची. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते, आणि ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफ झाली तर पेडल नुसतेच खाली जाते.

यावर उपाय इंजिनातच आहे. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल इंजिनात हवा येण्याची वाट जवळजवळ बंद होते. दट्ट्यांना त्या निर्वाताविरुद्ध ओढत राहावे लागते, शिवाय आतले घर्षण असतेच. आता इंजिन चाकांना फिरवत नाही, चाके इंजिनाला फिरवतात. गिअर जितका खालचा, तितके इंजिन जोरात फिरते आणि तितका विरोध जास्त होतो. त्या नियमामागचे शास्त्र एवढेच आहे.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर पेट्रोल वाचते, हा समज अजून टिकून आहे. इंधन फवारणीच्या आधुनिक गाड्यांत खरे तर उलटे घडते. गाडी गिअरमध्ये असून पाय वर असला, तर इंजिनाला होणारा इंधनपुरवठाच थांबवला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळत राहते, आणि इंजिनाचा रोधही हातचा जातो.

गिअर यंत्राकडे जातो

फ्रान्समधील पानार-लव्हासोर कंपनीने १८९०च्या दशकात सरकत्या दातेरी चाकांची गिअरपेटी मोटारीत रुळवली. वेगवेगळ्या गतीने फिरणारी चाके एकमेकांत अडकवायची म्हणजे खडखडाट ठरलेला. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची रचना आली. चाके गुंतण्यापूर्वी घर्षणाने त्यांच्या गती समान करायच्या, हे तिचे तत्त्व. गिअर आता आवाज न करता पडू लागले. पण गिअर कोणता आणि कधी टाकायचा, हा निर्णय चालकाकडेच राहिला.

तो निर्णयही यंत्राकडे सोपवण्याचा मार्ग जहाजांच्या कामातून आला. जर्मनीच्या हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवातून शक्ती नेणाऱ्या जोडणीचे पेटंट घेतले. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला की दुसरा वाऱ्यानेच फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल आहे असे मानले की ही जोडणी समजते. १९३९ च्या अखेरीस जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ गिअरपेटी बाजारात आणली. तिच्या घडणीतही थॉम्पसन यांचाच पुढाकार होता. ज्याने गिअर टाकणे सोपे केले, त्यानेच पुढे ते चालकाच्या हातून काढून घेतले.

आपल्याकडे त्या वेळी आणि नंतरही कितीतरी वर्षे गिअर हातातच राहिला. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली होता; बजाजच्या स्कूटरवर डावी मूठ पिळून गिअर टाकावा लागे. बिनगिअरची सवय आपल्याला दुचाकीनेच लावली. फिरोदियांच्या कायनेटिकची लुना १९७२ मध्ये आली, आणि पट्टा व बदलत्या व्यासाच्या कप्प्या असलेली कायनेटिक होंडा १९८४ मध्ये.

यंत्राला पुढचे वळण दिसत नाही

जुन्या स्वयंचलित गिअरपेटीला मुख्यत्वे दोनच गोष्टी कळत : गाडीचा वेग आणि अॅक्सिलरेटर किती दाबला आहे. सपाट रस्त्यावर तेवढे पुरे होते. घाटात मात्र ती फसते. उतारावर चालकाने पाय उचलला की तिला वाटते, इंजिनावर भार नाही. म्हणून ती वरचा गिअर टाकते. इंजिनाचा रोध सर्वांत जास्त हवा असतो, नेमका तेव्हाच तो कमी होतो. चढावर वेगळीच पंचाईत होते. वळणावर पाय उचलला की वरचा गिअर, पुन्हा दाबला की खालचा, असे ती दोहोंमध्ये हेलकावत राहते.

म्हणूनच या गाड्यांच्या दांड्यावर पूर्वीपासून ‘खालचा गिअर’ अशी एक जागा राखलेली असे. आताच्या गाड्यांतील संगणक उतार ओळखून गिअर धरून ठेवतो. तरीही पुढे तीव्र वळण आहे किंवा समोरून उसाची ट्रॉली येते आहे, हे चालकाला अगोदर दिसते. गिअरपेटीला ते कळत नाही.

शर्यतीतून घाटात

चालकाचा अधिकार त्याला परत मिळाला, तो एकाच सुमारास दोन वाटांनी. पोर्शे कंपनीने १९८९ मध्ये ‘टिपट्रॉनिक’ रचना आणली. गिअरपेटी स्वयंचलितच, पण दांडा बाजूच्या खाचेत नेला की एक टिचकी पुढे किंवा मागे देऊन चालक गिअर बदलू शके. त्याच वर्षी २६ मार्चला ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल फेरारी ६४० ही गाडी घेऊन जिंकला. जॉन बर्नार्ड यांनी आखलेल्या या गाडीत स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या होत्या. इंग्रजीत त्यांना वल्ह्यावरून ‘पॅडल’ म्हणतात. पायाने दाबायचे पेडल वेगळे. पट्टी ओढली की विजेचा संदेश जाई आणि तेलाच्या दाबाने गिअर पडे. हात स्टिअरिंगवरून काढण्याची गरजच उरली नाही. त्या मोसमात ही गिअरपेटी अनेकदा बिघडली, पण काही वर्षांतच ही पद्धत सर्वांनी स्वीकारली. १९९७ मध्ये फेरारीनेच ती रस्त्यावरच्या गाडीत आणली.

फेरारीच्या त्या गिअरपेटीचे विद्युत-नियंत्रण मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीचे होते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओ या छोट्या गाडीत साध्या गिअरपेटीवरच क्लच दाबणारे व गिअर टाकणारे यंत्र बसवलेले आले, तेही याच कंपनीचे. शर्यतीच्या मैदानातून मध्यमवर्गाच्या दारात यायला या तंत्राला पंचवीस वर्षे लागली. सेलेरिओच्या दांड्यावरही अधिक-उणेची सोय होतीच. स्टिअरिंगमागच्या पट्ट्या तर अवसरीच्याच वाटेवर पोहोचल्या आहेत : फोक्सवॅगनची टायगुन चाकणला तयार होते आणि २०२१ पासून तिच्या काही प्रकारांत त्या मिळतात.

तर मग घाटात काय करावे?

उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा आणि दांडा मॅन्युअल स्थितीत न्यावा. दांडा नेहमीच्या जागी असताना पट्टी ओढली, तर बहुतेक गाड्या ती आज्ञा थोडा वेळच पाळतात आणि पुन्हा आपल्या मनाने चालू लागतात. मग डावी ‘उणे’ पट्टी एकेकदा ओढून, पाय अॅक्सिलरेटरवर नसतानाही वेग वाढत नाही असा गिअर शोधावा. ब्रेक सतत दाबून धरू नये. गरज पडेल तेव्हा ठामपणे दाबून सोडावा. वेग जास्त असताना फार खालचा गिअर मागितला, तर इंजिनाच्या काळजीपोटी गाडी तो नाकारते. पट्टी हे केवळ एक बटण आहे. आपण विनंती करतो, निर्णय संगणक देतो. म्हणून वेग आधी आवरणे महत्त्वाचे.

शाळेच्या सहलीच्या बसमध्ये शिक्षकांना हा धडा फळ्याशिवाय शिकवता येईल. माळशेज उतरताना मुलांना इंजिनाचा आवाज ऐकायला सांगावे. चालकाने खालचा गिअर टाकला की आवाज चढतो आणि बस मात्र मंदावते. असे का, हे मुलांनीच सांगावे.

आता विजेवरच्या गाड्या आल्या. त्यांत बहुधा बदलायला गिअरच नसतात. तरीही टाटांच्या २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीमध्ये स्टिअरिंगमागे पट्ट्या आहेतच. उतारावर मोटरला जनित्र बनवून किती रोध हवा, हे त्या ठरवतात. जी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जात असे, तिचा काही भाग बॅटरीत परत जातो. गिअर गेला, पण उतारावर गाडी कुणीतरी धरून ठेवायची असते, हे मात्र बदललेले नाही.