स्पुटनिक, लिटल रॉक आणि रशियनचा वर्ग

परकी भाषा कॉलेजात आपोआप येत नाही. कुणाला तरी तिची गरज लागते, नाहीतर भीती वाटते. अमेरिकेत रशियनचे वर्ग फोफावले ते भीतीपोटी.

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियानं स्पुटनिक सोडला. चौऱ्याऐंशी किलोच्या आतबाहेरचा गोळा, पृथ्वीभोवती फिरतोय आणि बीप-बीप करतोय. अमेरिकेची झोपच उडाली. शत्रूची भाषा आपल्या पोरांना येत नाही, अशी ओरड सुरू झाली. तोवर रशियन शिकवणारी ठिकाणं थोडीच. व्हर्मांट राज्यात मिडलबरी नावाचं गाव, तिथलं कॉलेजही लहान. तिथं १९४५ पासून उन्हाळ्यात रशियनचे वर्ग भरत. नियम कडक. तिथं आहात तोवर रशियनशिवाय दुसरं बोलायचं नाही. मीठ मागायचं तर तेही रशियनमध्ये.

२ सप्टेंबर १९५८ ला आयझेनहॉवरनं नव्या कायद्यावर सही केली. नाव 'राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा'. बघा, शिक्षणाच्या आधी संरक्षण! विज्ञान, गणित, परक्या भाषा यांसाठी सरकारी तिजोरी उघडली. १९६८ पर्यंत अमेरिकन कॉलेजांत रशियन शिकणारी पोरं चाळीस हजारांवर गेली.

आता दुसरी तारीख घ्या. स्पुटनिकच्या बरोबर एक महिना आधी, ४ सप्टेंबर १९५७. आर्कन्सा राज्यातल्या लिटल रॉकला नऊ काळी पोरंपोरी गोऱ्यांच्या हायस्कुलात शिकायला निघाली. राज्याच्या शिपायांनी त्यांना दारातूनच परत लावलं. शेवटी २५ सप्टेंबरला लष्कराच्या पहाऱ्यात ती आत बसली. आणि पुढच्या वर्षी, ज्या सप्टेंबरात तिकडं वॉशिंग्टनला शिक्षणाच्या कायद्याची शाई वाळत होती, त्याच सप्टेंबरात गव्हर्नर फॉबसनं लिटल रॉकची सरकारी हायस्कुलं बंद केली. सबंध वर्ष. काळ्याच्या शेजारी बसण्यापेक्षा आपलीही पोरं अडाणी राहिली तरी चालतील! महाडचं तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' करून घेणाऱ्यांचे हे सख्खे भाऊ. रशियाला गाठायला निघालेल्या देशाची ही दुसरी बाजू रशियन वर्तमानपत्रांनी बरोबर उचलली. त्यांचा हेतू स्वच्छ होता असं नाही, पण बातमी खोटी नव्हती.

कायद्यात आणखी एक मेख होती. सरकारी कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्यानं निष्ठेची शपथ घ्यायची. शिवाय सरकार उलथणाऱ्या कुठल्याही संघटनेवर आपला विश्वास नाही, असं प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचं. म्हणजे रशियन शिका, पण डोकं आमच्याकडं गहाण ठेवा. फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर, हॅवरफर्ड, ब्रिन मॉर या तीन छोट्या कॉलेजांनी, तिन्ही क्वेकर पंथीयांनी काढलेली, असल्या अटीवरचा पैसा नको म्हणून सांगितलं. हार्वर्ड आणि येलही १९५९ मध्ये बाहेर पडली. १९६२ साली ते प्रतिज्ञापत्र रद्द झालं, शपथ मात्र राहिली. ग्रँट बंद होईल म्हणून गप्प बसणाऱ्या आपल्या संस्थाचालकांना हा इतिहास कुणीतरी वाचून दाखवायला हवा.

वर्गात काय चाले? तेहतीस अक्षरं, सहा विभक्त्या. इंग्रजी बोलणारं पोर विभक्तीपुढं रडकुंडीला येतं. आपण मात्र प्रथमा-द्वितीया घोकतच मोठे झालो. 'तू' आणि 'तुम्ही' हा फरकही रशियनमध्ये आहे, त्यामुळं मालकानं कुणाला काय म्हटलं हे आपल्याला चटकन कळेल. संस्कृती म्हणून पुश्किन, टॉलस्टॉय, चेखव्ह. शिकवणारे बरेचदा क्रांतीनंतर देश सोडून आलेले, चांगल्या घरचे लोक. पण त्याच पुस्तकांतून दुसरा रशिया डोकावतो. पुश्किनचा पणजोबा आफ्रिकेतून आणलेला गुलाम पोरगा. चेखव्हचा आजा भूदास, म्हणजे जमिनीबरोबर विकला जाणारा माणूस. त्यानं पै-पै साठवून १८४१ मध्ये घरादाराचं स्वातंत्र्य विकत घेतलं. २ कोटींहून अधिक भूदास १८६१ ला सुटले, अमेरिकेतल्या गुलामांच्या चार वर्षं आधी.

१८५८ ची गोष्ट तर अशी, की ती पहिल्याच तासाला सांगावी. अमेरिकेत रंगभूमीवर जागा नाही म्हणून देश सोडलेला काळा नट आयरा ऑल्ड्रिज पीटर्सबर्गला शेक्सपिअर करायला आला. तिथं त्याची गाठ तारास शेवचेंकोशी पडली. शेवचेंको युक्रेनचा कवी आणि चित्रकार, जन्मानं भूदास. १८३८ मध्ये अडीच हजार रुबल मोजून त्याला सोडवलेलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ओळखीच्या घरातल्या मुली दुभाष्याचं काम करत. शेवचेंकोनं ऑल्ड्रिजचं चित्र काढलं, ते आजही आहे.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यायला लावली. कुठली भाषा कुणी शिकायची हे ठरवणारे हात सगळीकडं असतात. अमेरिकेत ते भीतीचे होते आणि भीती सरली तसे मागं गेले. १९९० मध्ये रशियन शिकणारी पोरं चव्वेचाळीस हजारांच्या आसपास होती. १९९१ ला सोव्हिएत युनियन मोडलं आणि १९९५ पर्यंत आकडा पंचवीस हजारांच्या आत आला. छोट्या कॉलेजांत मग रशियनचा मास्तर निवृत्त झाला की जागा भरायचीच नाही, असं सुरू झालं.