वर्धेकाठचे माहेर

श्रावणात सिंभोऱ्याच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, की अमरावतीची कुटुंबे रविवारी मोर्शीचा रस्ता धरतात. दीडेक तासाची वाट, कडेला संत्र्याच्या बागा. कोणी घरून डबा आणतो, कोणी कुठे झाडाखाली रोडगे आणि वांग्याची भाजी करतो. मुले १३ दरवाजे मोजतात, आणि अंधार पडायच्या आत मंडळी घरी परततात. हेच पाणी अमरावतीकर वर्षभर पितात. म्हणून ते पाहण्याचा आनंद रास्तच आहे.

सरकारी कागदावर हे ऊर्ध्व वर्धा धरण. जलाशयाचे नाव मात्र नल-दमयंती सागर. मोर्शीत नळा आणि दमयंती या नद्या आहेत, त्यांवरून ते पडले. दमयंती ही विदर्भराज भीमाची लेक, तिचे माहेर कुंडिनपूर. आणि आपल्या रखुमाईचेही माहेर तेच! एका नदीकाठाने पुराणातल्या दोन लेकी दिल्या.

या पाण्याखाली मात्र खऱ्याखुऱ्या लेकींची माहेरे गेली आहेत. धरण १९९३ साली पूर्ण झाले. त्यानंतर ३० वर्षांनी, २०२३ मध्ये, धरणग्रस्त मोर्शीत आपल्या मागण्यांसाठी दिवसच्या दिवस धरणे देऊन बसले होते, आणि त्या ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या काहींनी मुंबईला मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. सासरी गेलेल्या बाईला जेव्हा 'कुठली गं तू?' असे विचारतात, तेव्हा ज्या गावाचे नाव ती सांगते ते गाव आता तिथे नसते. भिंतीवर उभे राहून फोटो काढताना एवढे घरच्या मुलांना सांगावे. सहल त्याने बिघडत नाही.

मोर्शी तालुक्यातच रिद्धपूर आहे. महानुभावांचे हे थोर तीर्थ, गोविंदप्रभूंचे गाव. पंथ आपल्याहून वेगळा, तरी वारकऱ्याने इथे एकदा तरी थांबावे असे मला वाटते, आणि तेही महदाइसेसाठी. चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांची शिष्यमंडळी गोविंदप्रभूंच्या सेवेला इथे आली. त्यांत बालविधवा असलेली, सतत प्रश्न विचारणारी ही बाई होती. तिने तेराव्या शतकात 'धवळे' रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी, आणि लग्न कुणाचे? श्रीकृष्ण-रुक्मिणीचे! जिच्या स्वतःच्या संसाराचे सुख लवकर मोडले, तिने रुक्मिणीचे लग्न गाइले. ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. नाथांचे 'रुक्मिणी स्वयंवर' आपण पारायणाला घेतो, पण त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधी ही कथा रिद्धपुरात मराठीत गाइली गेली होती. २०२४ पासून रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे.

सिंभोऱ्याहून सुटलेले वर्धेचे पाणी पुढे तिवसा तालुक्यात कौंडण्यपूरच्या पायथ्याशी येते. अमरावतीहून हे गाव सुमारे ४० किलोमीटर. उंच टेकाडावर विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ, खाली नदी, जवळच अंबिकेचे ठाणे. याच देवीच्या दर्शनाला रुक्मिणी आली आणि कृष्णाने तिला रथात घेतले, अशी श्रद्धा आहे. १९६० च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी इथे उत्खनन केले, त्यात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. भाविकाला त्या पुराव्याची गरज नव्हती, तरी टेकाड चढताना पायाखाली एवढी माणसे राहून गेली हे कळले की पाऊल जरा हळू पडते.

इथून रुक्मिणीमातेची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. संत सदाराम महाराजांनी १५९४ साली ती सुरू केली, असे परंपरा सांगते. २०२१ साली करोनामुळे पायी वारी थांबली आणि मोजक्या १० मानाच्या पालख्यांना बसने पंढरीला जाऊ दिले, त्यांत ही एक होती.

पाऊस पुरता लागण्याआधीच ही पालखी वाट धरते. म्हणजे सिंभोऱ्याचे दरवाजे पाहायला गर्दी लोटते, तोवर माहेरची मंडळी पंढरीला लेकीला भेटून आलेली असतात. कार्तिकीनंतर वद्य प्रतिपदेला खुद्द पांडुरंग सासुरवाडीला येतो असे इथे मानतात. त्या दिवशी दहीहंडी फुटते आणि विदर्भातल्या दिंड्या वर्धेकाठी जमतात. तोवर नदी निवळलेली असते आणि लहान मुलांना घेऊन घाटावर बसता येते.