‘गिव्ह अप’ आणि एका मठाधिपतीची गच्छंती

गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, हे आलं कुठून? पाठ करून वैताग येतो ना? चला, थेट बाराव्या शतकात जाऊ.

इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठात वर्षावार बखर लिहिली जायची. 1066 मध्ये नॉर्मन जिंकले, दरबारात फ्रेंच आली, तरी या बखरीत 1154 पर्यंतच्या नोंदी इंग्रजीतच आहेत. राजा पहिला हेन्री याने या मठावर आपल्या नात्यातला एक फ्रेंच मठाधिपती आणून बसवला. त्याचंही नाव हेन्रीच. बखरकाराचा त्याच्यावर भयंकर राग. माश्या मध आणतात आणि पोळ्यातले नर आयतं खातात, तसा हा, असं त्याने लिहून ठेवलंय! शेवटी 1132 मध्ये राजाने त्याला मठ सोडायला लावला, आणि त्या नोंदीत आजच्या ‘गिव्ह अप’चंच जुनं रूप आहे.

त्याआधीच्या इंग्रजीत याच अर्थासाठी ‘ऑफ’ हा तुकडा क्रियापदाच्या आधी चिकटायचा. आपल्या आहार, विहार, प्रहारमधल्या उपसर्गांसारखा. पुढे असे तुकडे सुटे होऊन क्रियापदानंतर येऊ लागले. इंग्लंडात वसलेल्या व्हायकिंगांच्या भाषेचाही याला हातभार लागला, असं बरेच अभ्यासक मानतात.

दरम्यान फ्रेंच-लॅटिनचे भारदस्त शब्द येतच होते. ‘सरेंडर’ फ्रेंचमधून, ‘पोस्टपोन’ लॅटिनमधून. पोस्टपोनची फोड करा: ‘नंतर ठेवणे’. म्हणजे ‘पुट ऑफ’चा भाऊच, फक्त तुकडा आधी! म्हणून ऑफिसच्या पत्रात पोस्टपोन शोभतो आणि मित्राच्या मेसेजमध्ये पुट ऑफ. आपण शाळेत बहुतेक पत्रातलं इंग्रजी शिकतो, त्यामुळे वेब सिरीज बघताना गाडी अडते. यात तुमचं डोकं कमी नाही हं. 1755 च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सननेच लिहिलंय, की परक्यांना सगळ्यात जड जातात ती हीच क्रियापदं.

आणि ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ मधला अप? तो वर जात नाही, काम पूर्ण संपवतो. आपण नाही का म्हणत, ‘पोळी खाऊन टाक’? आता त्यात कोण काय टाकतं, सांगा बघू!