चाळीस दिवसांची हद्द : मुलांना सांगायची तहारत

बगल आणि नाभीखालचे केस काढणं ही लाजेची नाही, तहारतची बाब आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये फितरतच्या पाच गोष्टी आल्यात: खतना, नाभीखालचे केस काढणं, मिशी कातरणं, नखं कापणं आणि बगलेचे केस काढणं. हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत यासाठी जास्तीत जास्त ४० दिवसांची मुदत आहे. दर आठवड्याला केलं तर उत्तम. कुर्बानी करणाऱ्यांनी जिलहिज्जाचा चांद दिसण्याआधीच हे उरकावं, मग कुर्बानी होईपर्यंत थांबावं.

पद्धत सोपी. लांब केस आधी कात्रीने बारीक करा. कोमट पाणी आणि साबणाचा फेस लावून, केसांच्या दिशेने हलक्या हाताने रेझर फिरवा. बगलेचे केस उपटणं सुन्नत. दुखत असेल तर रेझरही चालतो. क्रीम वापरायची तर आधी थोड्या जागेवर लावून बघा.

घरात बाप-लेक, भाऊ-भाऊ एकच रेझर वापरतात, ते बंद करा. रक्ताच्या बारीक थेंबातूनही हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतो. सलूनमध्येही नवी पत्ती समोर लावायला सांगा.

बारामती-इंदापूरच्या उन्हात, उसाच्या फडात घामानं जांघेत गजकर्ण होतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडवाली ट्यूब आणू नका. त्यानं आजार दबतो आणि पुन्हा वाढतो. सरकारी दवाखान्यात दाखवा.

मुलगा बालिग होताना वडिलांनी हे सांगावं. आम्ही शिक्षक बघतो, न सांगितलेलं मुलं मोबाईलवर शोधतात.